दहा, दहा, दहा आणि मधूनच सात: दोष पेलेटचा की हाताचा?

"सर, पेलेट बदलू का?"

पेलेट म्हणजे एअर पिस्तुलाची छोटी शिशाची गोळी. सांगलीत, आमच्या विश्रामबागच्या बाजूच्या छोट्या नेमबाजीच्या रेंजवर हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदाच नीट लिहून काढतो. लक्षण नेहमी सारखंच असतं. दहा मीटर एअर पिस्तूल, समोरच्या लक्ष्याच्या कार्डावर दहा, नऊ, दहा, दहा असं छान चाललेलं असतं आणि मधूनच एक शॉट सातवर जाऊन बसतो. पुढचा परत दहा. मग पंधरा-वीस शॉटनंतर एक आठ. मूल आधी पिस्तुलाकडं बघतं, मग डब्याकडं बघतं आणि मग माझ्याकडं.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं याच प्रकारात ब्राँझ मिळवलं आणि आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये. त्यानंतर आमच्याकडं सांगली, मिरज, तासगाव, पलूसकडून मुलं यायला लागली. बहुतेक साध्या घरातली. बाहेरून येणारा पाचशे पेलेटचा डबा त्यांच्या आईवडिलांना सहज परवडत नाही. त्यामुळं "बदलून बघ" असं सहज म्हणून टाकणं मला जमत नाही. बदलायचा असेल तर का बदलतोय हे आधी कळायला हवं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पालक हे विचारतात. परदेशातले पिस्तूलवाले घरच्या टेबलावर बंदुकीची दारू मोजून, शिशाच्या ओतीव गोळ्या बसवून आपली काडतुसं आपणच भरताना व्हिडिओत दिसतात. आपल्याकडं शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळं तो विषय तिथंच संपतो. पण त्या लोकांची एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे. गोळी नळीत कशी बसते हे ते आधी बघतात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतात. आपल्या एअर पिस्तुलात दारूचं काम दाबलेली हवा करते आणि गोळी डब्यातून तयार येते. म्हणजे निवडायला उरतं काय, तर पेलेटचं वजन, त्याच्या डोक्याचा व्यास आणि त्याचा लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी तयार झालेला गठ्ठा. एवढंच. पण एवढ्यातही लोक भरपूर पैसे घालवतात.

आधी आठाचा पाढा

कुठलाही डबा बदलायच्या आधी कार्डाचं गणित समजून घ्या. एअर पिस्तुलाच्या कार्डावर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं. पुढं प्रत्येक वर्तुळ 16 मिलिमीटरनं मोठं होत जातं. नऊचं 27.5, आठचं 43.5, सातचं 59.5, आणि तिथंच काळा गोल संपतो. पेलेट 4.5 मिलिमीटरचा. त्याची कड रेघेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटच्या मध्यबिंदूचा हिशेब केला तर केंद्रापासून 8 मिलिमीटरपर्यंत दहा, 16 पर्यंत नऊ, 24 पर्यंत आठ आणि 32 पर्यंत सात. सरळ आठाचा पाढा. मुलांना मी तो भिंतीवर लिहूनच ठेवलाय.

आता बघा. चांगलं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं, आणि त्याला मानवणारा पेलेट असेल, तर टेकूवर ठेवून मारलेल्या पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, बाहेरून बाहेर 7-8 मिलिमीटरचा येतो. त्यातून पेलेटचे साडेचार वजा केले की मध्यबिंदूंमधलं अंतर जेमतेम अडीच ते साडेतीन मिलिमीटर राहतं. समजा तुमचा पेलेट याच्या दुप्पट वाईट आहे. तरीही पिस्तूल केंद्रावर बसवलेलं असेल तर सगळे शॉट दहाच्या आत येतील. सात यायला पेलेटचा मध्य 24 मिलिमीटरच्याही पलीकडं जावा लागतो.

आता हाताचं गणित. समजा पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर 33 सेंटिमीटर आहे. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाली, तर दहा मीटरवर शॉट 15 मिलिमीटर सरकतो. एक मिलिमीटर झाली तर 30. म्हणजे एका मिलिमीटरची चूक झाली की थेट सात.

या दोन हिशेबांतून मला जे म्हणायचंय ते एवढंच: पेलेट दहाचा नऊ करतो, हात दहाचा सात करतो. दोन्ही दुरुस्त करता येतात, पण त्यांची औषधं वेगळी. आणि नव्वद टक्के मुलं हाताच्या दुखण्यावर पेलेटचं औषध घेत असतात.

तासगावच्या मुलीचा डबा

उदाहरण देतो, म्हणजे नीट कळेल. तासगावहून एक मुलगी यायची, बारावीला होती. एसटीनं यायची, पाठीवर पिस्तुलाची पेटी आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पेलेटचा डबा. सरावात तिची सरासरी चांगली होती, पण साठ शॉटमध्ये तीन-चार आठ आणि एखादा सात ठरलेला. तिनं चार महिन्यांत तीन प्रकारचे पेलेट वापरून बघितले होते. आधी 0.45 ग्रॅमचे, मग 0.49 चे, मग कुणीतरी सांगितलं म्हणून रायफलचे 0.53 चे. प्रत्येक नव्या डब्याला पहिले दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

मी तिच्याकडून डबा घेतला आणि पांढऱ्या कागदावर शंभरेक पेलेट पसरले. घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात ती भिंगाची नळी माझ्याकडं असते. एकेक पेलेट उलटा करून मागची कड, म्हणजे स्कर्ट, बघायला लागलो. पेलेटचं डोकं जाड असतं, पण स्कर्ट पातळ असतो आणि शिसं मऊ. ती कड अगदी गोल असायला हवी, कारण हवा तिथंच दाबते आणि तीच कड नळीच्या आट्यांत घट्ट बसते. शंभरातले बावीस पेलेट गोल नव्हते. काहींची कड एका बाजूनं चपटी होऊन इंग्रजी डी अक्षरासारखी दिसत होती. दोन-तीन तर भाकरीची कड आत दुमडावी तसे. डबा विकत घेताना ते असे नव्हते, कारण त्याच लॉटचा न फोडलेला डबा होता आणि त्यातले शंभर बघितले तर खराब फक्त एक निघाला.

मग झालं कसं? तिचे वडील त्या दिवशी तिला न्यायला आले होते. द्राक्षबागायतदार माणूस. त्यांनी डबा हातात घेतला, कानाजवळ नेऊन हलवला आणि म्हणाले, "सर, हे पेटीत घड हलल्यासारखं झालंय. पेटी भरलेली असते तोवर काय होत नाही, अर्धी झाली की मणी एकमेकाला घासतात." अगदी बरोबर. डबा भरलेला असतो तेव्हा पेलेट दाटीनं बसलेले असतात. दोन दिवसांत अर्धा रिकामा झाला की तासगाव ते सांगली एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला ते एकमेकांवर आपटतात. नवा डबा पहिले दोन दिवस बरा का वाटायचा याचं उत्तर तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी ते द्राक्षाच्या पेटीत घालतात तसल्या मऊ फोमची गोल चकती कापून घेऊन आले. पेलेटच्या वर ती ठेवायची आणि झाकण लावायचं. डबा रिकामा होत जाईल तशा चकत्या वाढवायच्या. खर्च शून्य. आज आमच्या रेंजवरच्या प्रत्येक डब्यात ती चकती असते.

आता त्या बावीस खराब पेलेटचं काय केलं, तर ते फेकले नाहीत. चाचणीला वापरले.

शाळूच्या पिशवीवरची चाचणी

ही चाचणी म्हणजे निवारणाचा गाभा, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दहा मीटरवर नवीन कार्ड लावा. न हलणारं टेबल घ्या. एक जाड कापडी पिशवी शाळूनं, म्हणजे ज्वारीनं, तीन-चतुर्थांश भरून तोंड शिवून टाका. वाळू चालते, पण ती गळते आणि पिस्तुलात शिरते, शाळू बरा. पिस्तुलाची मूठ आणि ट्रिगरच्या पुढची चौकट पिशवीवर टेकवा. बॅरल किंवा हवेचा सिलिंडर कधीही टेकवू नका, त्यानं शॉट सरकतो. दोन्ही हातांनी धरा, साइट नेहमीसारखी लावा आणि सावकाश मारा. गुण बघायचे नाहीत, शॉट कुठं पडतात यापेक्षा ते एकमेकांच्या किती जवळ पडतात ते बघायचं. समोर कुणी नाही याची खात्री आणि डोळ्याला चष्मा, हे सांगायची वेळ येऊ नये, तरी सांगतो.

एका कार्डावर पाच शॉट. असे एका डब्याचे निदान पाच कार्ड. इथं बहुतेक लोक चुकतात. एकाच कार्डावर पाच शॉट मारतात, छान ग्रुप आला की "हाच पेलेट" म्हणून निर्णय करून मोकळे होतात. पण त्याच डब्यातून, त्याच पिस्तुलातून एकदा 7 मिलिमीटर येतं आणि पुढच्या कार्डावर 10 येतं. त्यात पेलेटचा गुण-दोष काही नसतो, पाच शॉटच्या ग्रुपचा स्वभावच तो. म्हणून पाचही कार्ड शेजारीशेजारी ठेवा आणि सगळ्यात चांगल्याकडं न बघता सगळ्यात वाईट कार्डाकडं बघा. सामन्यात गुण तेच कार्ड घालवणार असतं.

तिच्या डब्यातल्या चांगल्या पेलेटनी टेकूवर व्यवस्थित ग्रुप दिला, वाईटात वाईट कार्ड 9 मिलिमीटरचं. मग ते चपटे बावीस मारले. त्यातले बरेच ग्रुपमध्येच गेले, पण पाच-सहा मात्र ग्रुप सोडून 7-8 मिलिमीटर बाजूला पडले. म्हणजे डब्याचा दोष खराच होता. पण तो दोष दहाचा नऊ करण्याएवढाच. सात त्यातून येत नव्हता. मुलीचा चेहरा तेव्हा पडला होता, कारण उरलेलं उत्तर काय आहे ते तिला कळलं होतं. त्याकडं शेवटी येतो.

वजन, व्यास, लॉट

पिस्तुलासाठी 0.45 ते 0.49 ग्रॅमचे पेलेट नेहमीचे. आरडब्ल्यूएस कंपनीचे पिस्तुलाचे आर टेन आणि माइस्टरकूगेल्न 0.45 चे येतात, एच अँड एन कंपनीचे फिनाले मॅच पिस्तूल 0.49 चे. रायफलसाठीचे 0.53 च्या आसपास. हलक्याला वेग थोडा जास्त, जडाला कमी. मॅच पिस्तुलाचा वेग सेकंदाला 150 मीटरच्या जवळपास धरला तर पेलेट कार्डापर्यंत पोहोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो साधारण 22 मिलिमीटर खाली येतो. 0.45 वरून 0.53 वर गेलात तर शॉट आणखी 4 मिलिमीटरच्या आसपास खाली पडेल. हा सरकलेला ग्रुप साइटचे दोन-चार क्लिक फिरवून परत मध्यावर आणता येतो. म्हणून "नवा पेलेट खाली मारतो" ही तक्रारच नाही. ग्रुप पसरतो का, एवढंच विचारायचं.

काही जण पेलेट एकेक वजन करून निवडतात. विट्याकडचा माझा एक मित्र गलाईच्या धंद्यातला. सोनं-चांदी गाळणाऱ्यांचा काटा मिलिग्रॅमपर्यंत बोलतो. एका रविवारी आम्ही त्याच्याकडं बसून शंभर पेलेट तोलले, हलके-जड वेगळे केले आणि टेकूवर मारले. काही फरक दिसला नाही. दिसणारही नव्हता. वजनात एक टक्का फरक पडला तर दहा मीटरवर शॉट पाव मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. तो वेळ भिंगातून स्कर्ट बघायला द्या. पन्नास पेलेट बघायला पाच मिनिटं लागतात आणि त्याचा उपयोग होतो.

डोक्याचा व्यास मात्र महत्त्वाचा. एकाच नावाचे पेलेट 4.49, 4.50, 4.51 अशा मापांत मिळतात. शंभरांश मिलिमीटरचा फरक, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण प्रत्येक नळीचं आपलं एक माप असतं. कुठलं माप मानवेल हे पिस्तुलाच्या कागदावर लिहिलेलं नसतं, मित्राच्या अनुभवावरूनही कळत नाही. त्याच कंपनीचं, त्याच वर्षीचं पिस्तूलसुद्धा वेगळं वागतं. ते टेकूवरच ठरतं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर तारेखालचा दोरा किंचित सरकवतात, थांबतात, ऐकतात, परत किंचित सरकवतात. दोरा आणि तार दोन्ही एकदम बदलत नाहीत, नाहीतर आवाज कशानं सुधारला ते कळणारच नाही. पेलेटचं माप ठरवताना तसंच करा. वजन तेच ठेवा, नाव तेच ठेवा, फक्त व्यास बदला. एका दिवसात, एकाच हवेच्या दाबावर.

आणि लॉट. डब्याच्या खालच्या बाजूला किंवा चिकटवलेल्या पट्टीवर लॉटचा आकडा असतो. दोन लॉट म्हणजे जवळपास दोन वेगळे पेलेट, नाव एक असलं तरी. मागं एका दुकानातून आम्ही एकत्र चार डबे मागवले, चारही एकाच लॉटचे हवेत असं बजावून. आले ते दोन वेगळ्या लॉटचे. एका मुलानं न बघता दोन अर्धे डबे एकात ओतले आणि महिनाभर त्याला एकाच कार्डावर दोन ग्रुप दिसायचे, एक वर आणि एक खाली. तो महिना त्याचा फुकट गेला याचं मला अजून वाईट वाटतं. त्यामुळं डबा हातात आला की आधी लॉट वाचा, तारीख लिहून चिकटवा आणि दोन डबे कधीही एकत्र करू नका. चाचणीत एखादा लॉट चांगला निघाला तर जमेल तसे चार-पाच डबे त्याचेच घेऊन ठेवा, दोन-तीन जणांत मिळून घेतले तर भार कमी होतो.

ठेवताना कोरड्या जागी. पावसाळ्यात आपल्याकडं, त्यातून नदीकाठच्या गावभागात, घरातली भिंतसुद्धा ओल धरते. ओल लागली की शिशावर पांढुरकी भुकटी धरते. 2019 च्या महापुरानंतर एकानं कपाटातले डबे पुसून, वाळवून परत वापरायला आणले होते. ते पेलेट नळीत घालू नका, कितीही हळहळ वाटली तरी. जमिनीवर पडलेला पेलेटही परत घ्यायचा नाही. आमच्याकडं त्यासाठी झाकणाची बरणी आहे, ती भरली की भंगारात शिसं घेणाऱ्याकडं जाते. घरी वितळवायच्या फंदात पडू नका, शिशाचा धूर विषारी असतो.

हात धुण्याबद्दल मी कडक आहे. पेलेट तोंडात धरायचे नाहीत, आणि रेंजवर भडंगाची पुडी फोडायची नाही. साबणानं हात धुऊन बाहेर जा आणि मग निवांत खा.

पेलेट बसवताना

हे छोटं वाटतं, पण सामन्याच्या घाईत इथंच स्कर्ट मोडतो. बोल्ट उघडला की पेलेट खाचेत ठेवून अंगठ्याच्या टोकानं सरळ आत लोटा, कड नळीशी सपाट होईपर्यंत. तिरका राहिला आणि तुम्ही तसाच बोल्ट बंद केलात, तर पुढची दांडी त्याची कड चेपते. बोल्ट नेहमीपेक्षा जरा जड वाटला तर थांबा, उघडा, तो पेलेट काढून टाका. साठ शॉटला 75 मिनिटं असतात. एका पेलेटसाठी दहा सेकंद थांबायला वेळ भरपूर आहे.

लक्षणावरून कारण

सगळे सुटलेले शॉट सारखे नसतात. शॉट हळूहळू खाली उतरत चालले असतील, एकेक मिलिमीटरनं, तर सिलिंडरमधला दाब बघा. भरताना काटा 200 बारवर असतो, पण घाईनं भरलं तर हवा गरम होते आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. म्हणून सावकाश भरा, दहा मिनिटांनी परत बघा. दाब फार उतरेपर्यंत मारू नका, तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत खालची मर्यादा दिलेली असते. एप्रिल-मेमध्ये सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवू नका. कोरडी हवाच भरा, ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि थोडं तेल एकत्र आलं की आग लागते. सिलिंडरवरची मुदतीची तारीखही बघा, मुदत संपलेला घेऊन सामन्याला गेलात तर जबाबदारी तुमची.

दहा-पंधरा मिनिटं थांबल्यावरचा पहिलाच शॉट दर वेळी वेगळा जात असेल आणि नंतरचे बरे, तर रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, गळतोय असा संशय घ्या. तो घरी उघडायचा नाही. आत किती दाब असतो हे लक्षात ठेवा आणि जाणकाराकडं द्या.

ग्रुप सगळीकडूनच पसरलाय, टेकूवरसुद्धा, आणि पेलेट चांगले आहेत, तर आधी स्क्रू तपासा. मागच्या साइटचे, बॅरलच्या पट्टीचे, मुठीचे. मागच्या वर्षी एकाला आम्ही आठवडाभर पेलेट बदलायला लावले आणि शेवटी मुठीचा स्क्रू अर्धा आटा ढिला निघाला. त्यानंतर मी चाचणीच्या आधी स्क्रू बघायचा नियम केला. मग नळी. शिसं नळीत हळूहळू साचतं. आम्ही पाचशेचा एक डबा संपला की मागून पुढं फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, बोळा घालून साफ करतो. साफ केल्यावर पहिले आठ-दहा शॉट मोजायचे नाहीत, नळीला परत शिशाचा पातळ थर धरावा लागतो. सामन्याच्या आदल्या रात्री नळी चकाचक करणारे पहिल्या सिरीजमध्ये, म्हणजे पहिल्या दहा शॉटमध्ये, घाबरतात ते यामुळंच.

आणि शेवटचं लक्षण: टेकूवर ग्रुप उत्तम, हातात धरल्यावर मात्र एखादाच शॉट दूर, आणि तो बहुतेक वेळा त्याच दिशेला. तासगावच्या मुलीचे सगळे सात उजव्या हाताच्या नेमबाजाच्या नेहमीच्या जागी होते, डावीकडं खाली. तिथं पेलेटचा काही संबंध नाही.

कोरा की भरलेला

मॅच पिस्तुलात ड्राय फायरची सोय असते, हवा न सुटता ट्रिगर सुटतो. तिच्याबरोबर मी हे केलं. मी पाठ वळवून पिस्तूल तयार करायचो, कधी पेलेट घालून, कधी कोरं, आणि तिच्या हातात द्यायचो. तिला माहीत नसायचं. वीस वेळा, दहा भरलेले, दहा कोरे, कुठलाही क्रम नाही. तिच्या भावानं फोनवर हळू गतीचा व्हिडिओ मागून, पिस्तुलाच्या तोंडावर रोख ठेवून काढला.

पहिले पाच-सहा शॉट पुढची साइट खाचेत थांबलेली होती. सातवा कोरा होता. ट्रिगर सुटायच्या क्षणी पिस्तुलाचं तोंड डावीकडं खाली झुकलं. पेलेट नव्हता, हवा नव्हती, धक्का नव्हता, तरी झुकलं. तिनं व्हिडिओ तीन वेळा बघितला आणि म्हणाली, "मी दहा दिसला म्हणून घाईनं दाबलं." तेवढंच निदान होतं. काळा गोल साइटच्या वर छान बसला की तिला वाटायचं आता सुटला पाहिजे, आणि बोट एकदम आवळायचं, बोटाबरोबर मनगटही. थकल्यावर जास्त, म्हणून सात विसाव्या-तिसाव्या शॉटनंतर यायचे.

त्यावर औषध असं: रोज वीस मिनिटं समोर पांढरा कोरा कागद लावून ड्राय फायर. गोल नाहीच, त्यामुळं "आता दिसला" हा मोह नाही. नजर फक्त पुढच्या साइटवर, बोट सलग दाबत राहणार, सुटल्यावरही दोन सेकंद साइट बघत राहायची. पाच सेकंदांत सुटला नाही तर पिस्तूल खाली. खाली ठेवणं हीसुद्धा सवय लावावी लागते, आणि मुलांना तीच सगळ्यात अवघड जाते. आठवड्यातून एकदा कोरा-भरलेला चाचणी, व्हिडिओसकट. तीन आठवड्यांनी वीसांतले झुकलेले शॉट दोनवर आले, दीड महिन्यानं बहुतेक दिवशी एकही नाही.

हे करताना तिनं पेलेट एकदाही बदलले नाहीत. पहिल्यांदा घेतलेले 0.45 चेच, टेकूवर 4.50 व्यासाचे सगळ्यात चांगले ठरले म्हणून तेच. तिच्या डब्यावर आता तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: लॉटचा आकडा, फोडल्याची तारीख आणि टेकूवरच्या सगळ्यात वाईट कार्डाचं माप. आत फोमची चकती. नवा लॉट आला की पुन्हा शाळूची पिशवी, पाच कार्ड, आणि जुन्या मापाशेजारी नवं माप. मागच्या गुरुवारी नवा लॉट आला, वाईट कार्ड साडेआठ निघालं. तिनं आकडा लिहिला, चकती घातली आणि डबा बॅगेत टाकून साडेपाचची एसटी गाठली.